ऊब किती असावी? : हिवाळ्यातल्या घराच्या एका आकड्याचा इतिहास

१ सप्टेंबर २०२२ रोजी जर्मनीत एक सरकारी आदेश अमलात आला. सार्वजनिक कार्यालयांत जिथे माणसे बसून काम करतात, त्या खोल्या हिवाळ्यात १९ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त तापवायच्या नाहीत. जिने, मार्गिका आणि मोठी दालने तापवायचीच नाहीत. हात धुण्यासाठी गरम पाणी द्यायचे नाही. युक्रेनचे युद्ध पेटले होते, रशियाकडून येणारा वायू आटत चालला होता आणि हिवाळा दारात होता. स्पेन आणि इटलीनेही त्याच सुमारास १९ हाच आकडा पुढे केला.

त्याच्या चार वर्षे आधी, २०१८ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने घरे आणि आरोग्य यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली होती. त्यांत म्हटले होते, की समशीतोष्ण आणि थंड हवामानाच्या देशांत हिवाळ्यात घरातले तापमान निदान १८ अंश असावे. वृद्ध, आजारी आणि लहान मुले यांच्यासाठी ते याहून अधिक लागू शकते.

एका बाजूने सांगितले १८ च्या खाली जाऊ नका, दुसऱ्या बाजूने सांगितले १९ च्या वर जाऊ नका. आरोग्य आणि काटकसर यांच्यामध्ये उरला तो एक अंश. हे दोन आकडे एकमेकांच्या इतके जवळ कसे येऊन बसले, याची कहाणी सुमारे दीडशे वर्षांची आहे. ती शरीरशास्त्राची जेवढी आहे तेवढीच कोळशाची, कपड्यांची, भाडेकरूंची आणि पेन्शनरांची आहे. या कहाणीत वारंवार एकच गोष्ट घडते. कुणाचे तरी रक्षण करण्यासाठी ठरवलेला किमान आकडा इंधन महागले की कमाल आकडा होऊन बसतो, आणि ज्याच्यासाठी तो ठरवला होता तो माणूस हिशेबातून निसटतो.

शेकणे आणि तापवणे

मराठीत थंडीचे शब्द कमी नाहीत. गारठा आहे, हुडहुडी आहे, काकडणे आणि कुडकुडणे आहे. त्यावर उपाय म्हणून शेकणेही आहे. पण आपल्याकडे शेकतो तो माणूस. घर शेकत नाही. शेकोटीभोवती बसायचे, तळवे पुढे करायचे, मग पाठ वळवायची. खोलीला स्वतःचे असे एक तापमान असावे आणि ते आपण ठरवावे, ही कल्पना आपल्या रोजच्या भाषेत नाही.

गंमत अशी, की अनेक शतके ती युरोपातही फारशी नव्हती. इंग्लंडमधल्या घरात भिंतीतल्या फायरप्लेसमध्ये कोळसा पेटायचा तेव्हा उष्णतेचा बराच मोठा भाग धुराबरोबर चिमणीतून वर जायचा. शिवाय जळणारी आग खोलीतली हवा ओढून घ्यायची आणि तिच्या जागी दारा-खिडक्यांच्या फटींतून बाहेरची गार हवा आत यायची. समोरून चेहरा भाजतो आहे आणि मागून पाठ गारठते आहे, अशा अवस्थेत बसलेल्या माणसाला ‘खोलीचे तापमान किती?’ या प्रश्नाला एक उत्तर देता येणेच शक्य नव्हते. पाठ उंच आणि दोन्ही बाजूंना कान असलेली इंग्रजी खुर्ची, पलंगाभोवतीचे जाड पडदे, झोपण्यापूर्वी अंथरुणात फिरवायचे निखाऱ्यांचे लांब दांड्याचे भांडे या साऱ्या वस्तू त्याच अवस्थेतून जन्मल्या. घर थंडच असायचे. माणूस आपल्यापुरता उबेचा कोपरा शोधायचा.

या फायरप्लेसमध्ये सुधारणा करणारी मोठी माणसे झाली. बेंजामिन फ्रँकलिनने १७४४ मध्ये फिलाडेल्फियात एक पुस्तिका छापून आपल्या नव्या लोखंडी शेगडीचे वर्णन केले. पेनसिल्व्हेनियाच्या गव्हर्नरने देऊ केलेले पेटंट त्याने नाकारले. इतरांच्या शोधांचा आपण लाभ घेतो, तर आपल्या शोधाचा लाभ इतरांना मोकळेपणाने द्यावा, ही त्याची भूमिका. अठराव्या शतकाच्या शेवटी काउंट रम्फर्डने चिमणीचा गळा अरुंद करून आणि चुलीच्या बाजू तिरप्या करून आगीची ऊब खोलीकडे वळवली. थर्मामीटर तोवर जुना झाला होता. फॅरनहाइटची मोजपट्टी १७२४ ची, सेल्सिअसची १७४२ ची. पण घरातल्या आगीला तो आकडा कळत नव्हता. माणूस कोळसा टाकी, तो जळे, आणि जळून संपे.

१८८३

आगीला आकडा कळू लागला तो अमेरिकेत. विस्कॉन्सिन राज्यातल्या व्हाइटवॉटर गावी शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयात वॉरन जॉन्सन नावाचे प्राध्यापक होते. तिथे तळघरात भट्टी होती. वर वर्ग चालू असताना शिपाई मध्येच आत येई, थर्मामीटर पाही, आणि खाली जाऊन झडप कमी-जास्त करी. या व्यत्ययावर जॉन्सन यांनी उपाय शोधला: ठरावीक तापमानाला विजेचा संपर्क जुळून घंटा वाजेल, म्हणजे शिपायाला वर यावेच लागणार नाही. त्या उपकरणाचे पेटंट त्यांना जुलै १८८३ मध्ये मिळाले. दोन-तीन वर्षांतच अल्बर्ट बुट्झ यांनी असे यंत्र केले, की जे खोली गार झाली की भट्टीची झडप आपोआप उघडी आणि तापली की बंद करी. आज भिंतीवर दिसणाऱ्या थर्मोस्टॅटचे हे पूर्वज.

पेटंटच्या आधी दीडच महिना, ४ जून १८८३ ला, आनंदीबाई जोशी न्यूयॉर्कच्या बंदरात उतरल्या होत्या. त्या वर्षी शरद ऋतूत त्या फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयात दाखल झाल्या, वयाच्या अठराव्या वर्षी. आपल्याकडे त्यांची कथा जिद्दीची आणि अकाली मृत्यूची म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेच. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने तिच्यात दोन बारीक तपशील आहेत. पहिला कपड्यांचा. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात. त्या थंडीत आणि त्या समाजात ते कठीण होते, म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीची पायघोळ साडी नेसायला सुरुवात केली. पोशाख बदलला, पण साडी सोडली नाही. दुसरा तपशील खोलीचा. त्यांच्या राहत्या खोलीतली फायरप्लेस नीट ओढ घेत नसे, असे त्यांच्याविषयीच्या लेखनात येते. पेटवली तर खोलीभर धूर, न पेटवावी तर गारठा. फ्रँकलिनने ज्या गावात धुराचा प्रश्न सोडवण्याची पुस्तिका छापली, त्याच गावात जवळजवळ दीडशे वर्षांनी एका मराठी विद्यार्थिनीपुढे हीच निवड होती.

आनंदीबाईंना क्षय झाला आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्यांचे निधन झाले. क्षयाचे कारण जिवाणू, हे रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्येच दाखवून दिले होते. तेव्हा त्या खोलीच्या माथी त्यांचा मृत्यू मारणे बरोबर नाही. पण ‘थंडीत घर किती तापवावे’ हा प्रश्न खरे तर नेहमी तीन प्रश्नांचा जुडगा असतो: यंत्र कोणते, अंगावर काय आणि शरीर कुणाचे. त्यांच्या उदाहरणात हे तिन्ही एकत्र दिसतात. पुढच्या शतकातल्या शास्त्रज्ञांनी हे तीन प्रश्न सुटे केले, आणि बऱ्याचदा तिसरा विसरले.

प्रयोगशाळेतला माणूस

१९२० च्या दशकात पिट्सबर्गला अमेरिकन हीटिंग अभियंत्यांच्या प्रयोगशाळेत माणसांना बंद खोलीत बसवून हवेचे तापमान आणि आर्द्रता बदलत ‘आता बरे वाटते का?’ असे विचारण्याचे पद्धतशीर प्रयोग सुरू झाले. इंग्लंडमध्ये थॉमस बेडफर्ड यांनी दुसरी वाट धरली. प्रयोगशाळेऐवजी ते हिवाळ्यात कारखान्यांत गेले, हलके काम करणाऱ्या कामगारांना विचारले आणि १९३६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांच्या नोंदींत सुखाचा पट्टा साधारण ६० ते ६८ अंश फॅरनहाइट निघाला, म्हणजे सोळा ते वीस अंश सेल्सिअस. लोकरी कपड्यांत वावरणाऱ्या, गार घरातून कामावर येणाऱ्या माणसांचा तो आकडा होता. पुढचा बराच काळ ब्रिटिश विचार या पट्ट्याच्या आसपास फिरत राहिला.

१९४१ मध्ये अमेरिकेत कपड्यांनाही एकक मिळाले. ‘क्लो’ हे त्याचे नाव. साधारण २१ अंशांच्या खोलीत स्वस्थ बसलेल्या माणसाला पुरेल एवढी ऊब राखणारा पोशाख म्हणजे एक क्लो. डोळ्यांसमोर होता तो कोट-पँट घातलेला पुरुष.

या सगळ्याचा कळस म्हणजे डेन्मार्कचे ओले फँगर यांचे १९७० चे ‘थर्मल कम्फर्ट’ हे पुस्तक. हवेचे तापमान, भिंतींकडून येणारी उष्णता, वारा, आर्द्रता, कपडे आणि शरीराची हालचाल ही सहा मापे एका समीकरणात बसवून त्यांनी एखाद्या खोलीत माणसांना सरासरी कसे वाटेल याचे भाकीत केले. पुढे आंतरराष्ट्रीय मानके यावरच उभी राहिली. समीकरणामागचे प्रयोग मुख्यतः अमेरिकन आणि डॅनिश महाविद्यालयीन तरुणांवर, सारखे कपडे घालून, नियंत्रित खोलीत झाले होते. एक प्रामाणिक गोष्ट मात्र फँगर यांच्या सूत्रातच आहे: तापमान कितीही अचूक साधले, तरी निदान पाच टक्के माणसे असमाधानी राहणारच. सर्वांना सुखी करणारा आकडा नाही, हे ते सूत्रच सांगते.

त्याला आव्हान मिळाले ते काही अंशी भारतातून. ब्रिटिश संशोधक चार्ल्स वेब यांनी रुडकी आणि बगदाद इथे माणसांच्या रोजच्या वातावरणात नोंदी गोळा केल्या होत्या. फर्गस निकोल यांनी १९७४ मध्ये त्यांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. ३० अंशांच्या वर तापमान असतानाही, वारा असेल तर, तिथली माणसे फारशी अस्वस्थ नव्हती. सूत्राप्रमाणे ती असायला हवी होती. मायकेल हम्फ्रीज यांनी मग जगभरचे असे अभ्यास एकत्र मांडले, तेव्हा निरनिराळ्या ठिकाणच्या ‘सुखद’ तापमानांत दहा अंशांहून अधिक फरक दिसला. माणूस ज्या हवेत राहतो तिला जुळवून घेतो. कपडे बदलतो, खिडकी उघडतो, जागा हलवतो. सुख हे शरीरावर कोरलेले नसते, सवयीने आणि मोकळिकीने घडते, हा या ‘अनुकूलन’ विचाराचा गाभा.

यातला ‘मोकळीक’ हा शब्द महत्त्वाचा आहे. जुळवून घ्यायला काहीतरी हाती असावे लागते.

पार्कर मॉरिस यांचे अठरा

आता ब्रिटनमधल्या घरांकडे वळू. या आकड्याचे राजकारण तिथे सर्वांत स्पष्ट दिसते.

दुसऱ्या महायुद्धानंतरही बहुतेक ब्रिटिश घरांत एकाच खोलीत कोळसा पेटायचा. जॉर्ज ऑर्वेलने डिसेंबर १९४५ मध्ये वृत्तपत्रात लेख लिहून या उघड्या आगीची बाजू घेतली होती. तिच्याभोवती कुटुंब एकत्र येते, हे त्याचे म्हणणे खोटे नव्हते. मात्र ते येई याचे एक कारण बाकीच्या खोल्या बर्फासारख्या असत, हेही होते. ५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत लंडनवर धुके उतरले आणि लाखो घरांच्या चिमण्यांचा धूर त्यात अडकला. तेव्हाचा अंदाज सुमारे चार हजार मृत्यूंचा होता. पुढच्या संशोधकांनी तो बारा हजारांपर्यंत नेला. घरोघरची ऊब शहराच्या फुप्फुसांत जाऊन बसली होती. १९५६ च्या ‘क्लीन एअर’ कायद्याने शहरांत धूरमुक्त क्षेत्रे आखली आणि उघड्या आगीचे दिवस भरत आले.

१९६१ मध्ये सर पार्कर मॉरिस यांच्या समितीने ‘होम्स फॉर टुडे अँड टुमॉरो’ हा अहवाल दिला. बाहेर उणे एक अंश असताना बैठकीची आणि जेवणाची जागा ६५ अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे १८ अंश सेल्सिअसपर्यंत, आणि स्वयंपाकघर व ये-जा करण्याची जागा १३ अंशांपर्यंत तापवता येईल अशी व्यवस्था नव्या घरात असावी. झोपायच्या खोल्या या किमान अटीत नव्हत्या. समितीचा युक्तिवाद फार साधा आणि फार मानवी होता. घर तापले नाही तर हिवाळ्यात सगळे कुटुंब एका खोलीत कोंबले जाते. मुलांना अभ्यासाला, मोठ्यांना निवांतपणाला दुसरी जागाच राहत नाही. भाडे सगळ्या घराचे द्यायचे आणि वापरायची एक खोली, हा व्यवहार संपवण्यासाठी ऊब हवी. इथे अठरा हा आकडा चैनीचा नव्हता, घराचे क्षेत्रफळ परत मिळवून देणारा होता.

नव्याने वसवलेल्या शहरांत १९६७ पासून आणि नगरपालिकांच्या घरांना १९६९ पासून ही मानके सक्तीची झाली. खासगी बांधकामाला ती लागू नव्हती. १९८० मध्ये सक्ती उठली.

याच काळातली एक विसंगती पाहण्यासारखी आहे. १९६३ च्या कायद्याने कार्यालये आणि दुकाने यांत काम सुरू झाल्यावर तासाभराने तापमान १६ अंशांच्या खाली असता कामा नये असे ठरले. कारकुनाला नोकरीच्या जागी ऊब मिळण्याचा कायदेशीर हक्क आला. निवृत्त झाल्यावर तोच कारकून घरी बसला की हक्क संपला. १९७२ च्या हिवाळ्यात ब्रिटनभर सुमारे हजार वृद्धांच्या घरी जाऊन तापमान मोजण्यात आले आणि पुढच्या वर्षी ते ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाले. सकाळच्या वेळी तीन चतुर्थांश घरांतल्या बैठकीच्या खोल्या पार्कर मॉरिस यांच्या आकड्यापर्यंत पोहोचत नव्हत्या. निम्म्याहून अधिक घरे कार्यालयाच्या कायदेशीर किमान मर्यादेवर किंवा तिच्याखाली होती. आणि दहातले एक घर १२ अंशांवर किंवा त्याहून थंड होते.

दरम्यान उत्तर समुद्रात वायू सापडला होता. १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत ब्रिटनमधली सुमारे चार कोटी गॅस उपकरणे घरोघरी जाऊन नव्या वायूसाठी बदलण्यात आली. स्वस्त वायू, बॉयलर, प्रत्येक खोलीत रेडिएटर. सरकारी अंदाजांप्रमाणे १९७० मध्ये ब्रिटिश घराचे हिवाळ्यातले सरासरी तापमान १२ अंशांच्या आसपास होते. पुढच्या चाळीस वर्षांत ते १७ च्या वर गेले. दोन पिढ्यांत एक समाज घरात स्वेटर घालायचे सोडून टी-शर्टवर आला.

किमान आणि कमाल

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखले. ७ नोव्हेंबरला राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी अमेरिकनांना घरातले तापमान निदान सहा अंश फॅरनहाइटने कमी करायला सांगितले, म्हणजे दिवसाची देशव्यापी सरासरी ६८ होईल. सत्तरीच्या वरच्या तापमानापेक्षा ६६ ते ६८ मध्ये प्रकृती अधिक चांगली राहते असे माझे डॉक्टर सांगतात, अशी पुस्तीही त्यांनी जोडली. २ फेब्रुवारी १९७७ ला जिमी कार्टर कार्डिगन घालून शेकोटीशेजारी बसले आणि दूरचित्रवाणीवरून दिवसा ६५ व रात्री ५५ अंशांचा सल्ला दिला. १९७९ मध्ये सार्वजनिक इमारतींसाठी ६५ ची मर्यादा सक्तीची झाली. १९८१ मध्ये रेगन यांनी ती उठवली. ब्रिटनने १९७४ मध्ये घरे सोडून इतर इमारतींवर २० अंशांची मर्यादा घातली आणि १९८० मध्ये ती १९ केली.

६५ अंश फॅरनहाइट. पार्कर मॉरिस यांनी गरिबाच्या घराला निदान इतके तरी मिळावे म्हणून मांडलेला हा आकडा. अठरा वर्षांनी तोच अमेरिकेत, याच्या वर जाऊ नका, असा हुकूम होऊन आला.

२०२२ मध्ये जर्मनीत हे अधिकच उघडपणे घडले. बसून हलके काम करणाऱ्यांसाठी तिथल्या कामगार-नियमांत २० अंश ही किमान मर्यादा होती. नव्या आदेशाने सार्वजनिक कार्यालयांत १९ ही कमाल मर्यादा केली. काल ज्याच्या खाली जाणे नियमबाह्य, त्याच्याखाली राहणे आज बंधनकारक.

यात काटकसरीची चेष्टा करण्याचा हेतू नाही. हिशेब अगदी सरळ आहे. घरातून बाहेर जाणारी उष्णता आतल्या आणि बाहेरच्या तापमानातल्या फरकावर अवलंबून असते. बाहेर ५ अंश आणि आत २० असतील तर फरक पंधराचा. आत १९ केले तर चौदाचा. म्हणजे एका अंशात पंधराव्या हिश्शाची बचत, आणि कोट्यवधी घरांत मिळून ती प्रचंड होते. पण हा आकडा सर्वांना सारखा लागत नाही. माणसाला हवेइतकीच भिंतींचीही थंडी जाणवते. जाड, आवरण घातलेल्या भिंतींच्या आणि दुहेरी काचांच्या घरातले १९ अंश आणि एकेरी विटांच्या, ओल धरलेल्या घरातले १९ अंश यांत शरीराच्या दृष्टीने मोठे अंतर असते. पहिल्या घरातला माणूस बहुधा सधन असतो. दुसऱ्या घरात त्याच आकड्यासाठी इंधनही जास्त जळते. गरिबाला ऊब महाग पडते ती अशी.

शरीरांतही फरक असतो. मास्ट्रिख्ट विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवले, की कार्यालयांच्या मानकात शरीराच्या उष्णतेचे गृहीत माप चाळिशीच्या, ७० किलो वजनाच्या पुरुषाचे आहे, आणि स्त्रियांच्या बाबतीत ते ३५ टक्क्यांपर्यंत जास्त धरले जाऊ शकते. शेजारच्या टेबलावरची सहकारी शाल का पांघरते, याचे उत्तर तिच्या नाजूकपणात शोधायचे कारण नव्हते.

थंडीने मरणारे

थंड घराने माणूस मरतो म्हणजे तो गोठून मरतो, असा समज असतो. तसे मृत्यू थोडे. विल्यम कीटिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये दाखवले, की त्वचा सौम्य गार झाली तरी रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो आणि रक्त घट्ट होते. त्यातून पुढचे काही दिवस हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांचा धोका वाढतो. मृत्यूच्या दाखल्यावर ‘थंडी’ लिहिले जात नाही. म्हणून हे मरण दिसत नाही.

१९९७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या युरोपव्यापी अभ्यासाने तर एक उलटीच गोष्ट पुढे आणली. बाहेरचे तापमान तेवढेच घसरले, तर मृत्यूंत होणारी वाढ कडाक्याच्या थंडीच्या देशांत कमी आणि सौम्य हिवाळ्याच्या देशांत जास्त होती. बाहेर ७ अंश असताना दक्षिण फिनलंडमध्ये बैठकीची खोली सरासरी २१.७ अंश असे, अथेन्समध्ये १९.२. बाहेर पडताना टोपी घालणारे फिनलंडमध्ये ७२ टक्के, अथेन्समध्ये १३. थंडी ज्यांच्या अंगवळणी पडलेली असते ते तिची तयारी ठेवतात. ज्यांच्याकडे ती पाहुण्यासारखी येते ते गाफील सापडतात.

ब्रिटनमध्ये ब्रेंडा बोर्डमन यांच्या १९९१ च्या ‘फ्युएल पॉव्हर्टी’ या पुस्तकाने या प्रश्नाला मोजमाप दिले: घर पुरेसे उबदार ठेवण्यासाठी उत्पन्नाच्या दहा टक्क्यांहून अधिक खर्च करावा लागतो ते कुटुंब इंधन-गरीब. पुरेसे म्हणजे बैठकीच्या खोलीत २१ आणि इतरत्र १८ अंश. यात बारकावा असा, की प्रत्यक्षात किती खर्च केला हे न बघता किती करावा लागला असता हे पाहायचे. कारण गरीब माणूस बिल वाढू देत नाही. तो बॉयलर बंद करून बसतो. नुसत्या बिलांवरून पाहिले तर तो काटकसरी नागरिक दिसेल. २००० मध्ये यावर कायदा झाला. तरीही २०२२ मध्ये सामान्य घराच्या वार्षिक वीज-गॅस खर्चाची सरकारने बांधलेली मर्यादा एप्रिलमध्ये १,२७७ पौंडांवरून १,९७१ वर गेली, आणि सरकारी मदतीनंतरही हिवाळ्यात ती २,५०० च्या घरात राहिली. त्या हिवाळ्यात गावोगावच्या ग्रंथालयांनी आणि चर्चांनी आपली दारे ‘उबदार जागा’ म्हणून उघडली. सगळ्यांनी मिळून एका खोलीत शेकायचे दिवस परत आले होते. फक्त खोली घराबाहेरची होती.

आपल्याकडचा आकडा

हे सगळे दूरदेशीचे वाटेल. महाराष्ट्रात घर तापवायचे नसते. आपल्याला चिंता उन्हाळ्याची. तिथे मात्र आकडा आपल्या भिंतीवर येऊन पोहोचला आहे. केंद्र सरकारच्या नियमानुसार २०२० पासून खोलीचे नवे एअर कंडिशनर सुरू केल्यावर आपोआप २४ अंशांवर येतात. वीज वाचवण्याच्या दृष्टीने ते योग्यच आहे. पण जे युरोपात १९ चे झाले ते इथे २४ चे होऊ नये म्हणून आताच विचारून ठेवायला हवे: हा आकडा कुणाच्या शरीरासाठी, कशा भिंतींच्या घरासाठी, आणि तो किमान आहे की कमाल? पत्र्याच्या छपराखाली पंख्यावर राहणाऱ्याला तर रिमोटच नाही. त्याच्यासाठी ‘याहून अधिक तापता कामा नये’ असा आकडा कुणीच ठरवलेला नाही.

आणि थंडी आपल्याला लागत नाही असे नाही. भारतातल्या मृत्यूंच्या देशव्यापी नोंदींवर आधारलेल्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात टोकाच्या उन्हाळ्यापेक्षा सौम्य थंडीशी जोडता येणारे मृत्यू अधिक आढळले. अथेन्सची गोष्ट इथेही लागू पडते. दरवर्षी डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा किती उतरला याची बातमी येते, द्राक्षबागांत पेटवलेल्या शेकोट्यांचे छायाचित्र येते. बागेला ऊब किती लागते हे बागायतदाराला ठाऊक असते, कारण तिच्यावर वर्षाची कमाई असते. त्याच बागेत छाटणीला आलेल्या मजुराच्या पालात पहाटे चार वाजता किती अंश असतात, हा आकडा कुठल्याही वर्तमानपत्रात छापून आलेला नाही. तो मोजायला फार मोठी यंत्रणा लागत नाही. शंभर-दोनशे रुपयांचा थर्मामीटर आणि पालात डोकावून पाहण्याची इच्छा, एवढे पुरते.